फोटोंचा ॲटलास

दुकानदाराने तिसरं पुस्तक काउंटरवर ठेवलं तेव्हा खालची काच कुरकुरली. आधीची दोनही काही हलकी नव्हती. मुंगीने तिन्हींकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, आणि हात पुढे करण्याऐवजी ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

“बघा सावकाश,” दुकानदार म्हणाला. “वर्षभर संसार करायचाय यांच्याशी.”

मुंगी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत नेण्याची तिला खोड होती. उशा, खुर्च्या, एकदा तर पाण्याने भरलेली बादली. आता अठरा पुरी झाली, मेडिकलला प्रवेश मिळाला, कॉलेजने पुस्तकांची यादी हातात दिली, तरी नाव काही सुटलं नव्हतं. मेडिकलचं खूळही तिचं तिनेच आणलेलं. आई पोस्टाच्या काउंटरवर, बाबा पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन. दोघांच्याही घराण्यात डॉक्टर म्हणून कोणी औषधालासुद्धा नव्हतं.

बाकीची खरेदी झटपट झाली. शरीरक्रियेचं जाडजूड पुस्तक यादीतलं पहिलंच घेतलं. जीवरसायनाची दोन होती, त्यातलं ज्याची भाषा मुंगीला दोन परिच्छेदांत कळली ते ठेवलं. गाडी अडली ती शरीररचनेच्या ॲटलासपाशी. यादीत लिहिलं होतं, ‘कोणताही एक’, आणि माणसाची पंचाईत करायला एवढे दोन शब्द पुरतात.

बाबांनी पहिला ॲटलास उचलला. त्यांनी आधी बांधणी पाहिली, मग एक पान उजेडाकडे तिरकं धरलं. तीस वर्षं जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढलेला माणूस; कॉम्प्युटर आले तरी खिडकीजवळचं आपलं तिरकं टेबल त्यांनी हट्टाने टिकवून ठेवलं होतं.

“रेघ चांगली आहे,” ते म्हणाले. “कुठेही थरथरलेली नाही. आणि हे बघ, हा तर सरळसरळ सेक्शन आहे, आडवा छेद. लाल म्हणजे येणारी लाइन, निळी म्हणजे जाणारी.”

“उलट, बाबा. लाल हृदयाकडून जाते. निळी येते.”

“तेच ते. आमच्याकडे पंपाच्या बाजूने बघतात की घराच्या, त्यावर असतं.”

दुकानदार हसला आणि त्याने दुसरा ॲटलास उघडला. “तो चित्रांचा. हा फोटोंचा. खऱ्या डिसेक्शनचे. चित्रांच्याने पोरं पास होतात. फोटोंच्याने डिसेक्शनच्या टेबलाशी उभी राहतात. मी आपलं सांगतो, पुढे तुमची मर्जी.”

शेजारी एक मुलगी पहिल्या वर्षाची जुनी पुस्तकं विकायला आली होती. तिने न विचारताच मान हलवली. “खरंच आहे. मी चित्रांचा घेतला होता. पहिल्या दिवशी काहीच सापडेना. तिथे लाल नाही, निळं नाही. सगळं एकाच रंगाचं असतं.”

“कुठल्या?” मुंगीने विचारलं.

मुलीने जरा विचार केला. “पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्याच्या.”

मुंगीने फोटोंचा ॲटलास स्वतःकडे ओढला. पानं ती बोटाने धरून उलटत नव्हती, नखाने वर काढत होती. चौथ्या पानाला तिने पुस्तक मिटलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण कानाच्या पाळ्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. बाबांना त्या दिसल्या. आरशात दिसाव्यात तशा दिसल्या, कारण त्या पाळ्या कशाने पांढऱ्या पडतात हे त्या घरात त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

“चित्रांचा घेऊ,” मुंगी म्हणाली. “रेघ चांगली आहे ना.”

घरी येईपर्यंत सगळ्या पिशव्या तिनेच उचलल्या. बाबांना एकसुद्धा दिली नाही.

बाबांना रक्त पाहवत नसे. रक्तच काय, रक्ताची गोष्टही ऐकवत नसे. मुंगीला पहिली लस टोचली तेव्हा ती रडली नाही. बाबा मात्र आडवे झाले. डॉक्टरांनी बाळ नर्सच्या हातात दिलं आणि बाबांचे पाय वर धरले. आई ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, आणि दर वेळी त्यात एक तरी नवं माणूस बाबांना उचलायला धावत येई. बाबाही सगळ्यांच्या बरोबरीने हसत. त्या एका गोष्टीवर घरात इतकं हसून झालं होतं की ते दुखणं आहे हे कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवताना मुंगी सहज बोलावं तसं बोलली.

“पुढच्या शनिवारी पाचपर्यंत मेडिकलची जागा सोडता येते. संख्याशास्त्राचा अर्ज भरला होता ना, तिथली माझी जागा तोवर असते.”

आईने ताटातून मान वर केली. “सोडायचीय का?”

“सोडायचीय असं नाही म्हणाले. सोडता येते म्हणाले.”

“बरं,” आई म्हणाली. तिचा दिवस काउंटरवर माणसांची अर्धी वाक्यं ऐकण्यात जाई, त्यामुळे उरलेलं अर्धं लगेच मागायचं नसतं हे तिला पक्कं माहीत होतं.

भांडी विसळताना बाबा आणि मुंगी दोघंच होते. ती धूत होती, ते पुसत होते.

“बाबा, चक्कर यायच्या आधी तुम्हाला काय होतं?”

“कानात शिट्टी वाजते. बारीक. मग पाय गार पडतात. का गं?”

“काही नाही.” तिने एक ताट दोनदा धुतलं. “दुकानात वाजली.”

बाबांनी ते ताट घेतलं आणि कोरडं झाल्यावरही पुसत राहिले. हिचं नाक आईचं, हट्ट आजीचा, आपल्याकडून गेली ती फक्त लांब बोटं, असा त्यांचा इतक्या वर्षांचा हिशेब होता. आणखीही काही गेलं होतं तर. पोरगी पाच वर्षांची असल्यापासून जे मागत होती ते तिच्या दारात येऊन उभं होतं, आणि आडवं काय येत होतं, तर बापाच्या कानातली शिट्टी. त्यांना स्वतःचा इतका राग आला की हातातलं ताट त्यांनी जरा जोरातच फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना ते दुकानात शिरले आणि फोटोंचा ॲटलास मागितला.

“परत घेणार नाही हं,” दुकानदार म्हणाला. “एकदा उघडला की उघडला.”

“आधी उघडू तर द्या,” बाबा म्हणाले.

ते सोपं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ड्रॉइंग ऑफिस रिकामं झाल्यावर त्यांनी पहिलं पान उघडलं आणि ताबडतोब मिटलं. शिट्टी वाजलीच. ते खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसले, कारण जमिनीवरून खाली पडायला जागा नसते. तिथे बसल्या बसल्या त्यांना सुचलं. त्यांनी एक जाड कार्ड घेतलं आणि त्यात दोन इंच लांब, दोन इंच रुंद अशी खिडकी कापली. फोटोवर ट्रेसिंग पेपर, त्यावर कार्ड. ट्रेसिंगखाली फोटो धुक्यात गेल्यासारखा होई, आणि खिडकीतून दिसे ती फक्त एखादी कड, एखादं वळण. ती रेघ काढायची, खिडकी पुढे सरकवायची. माणूस बघायचाच नाही. रेघ बघायची. रेघेला ते आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

पहिल्या दिवशी एक शीट झालं. नंतर रोज पाच-सहा व्हायला लागली. प्रत्येक पानावर पानाच्याच मापाचं ट्रेसिंग, एका कडेला अलगद चिकटवलेलं, वर उचलता येईल असं. आधी रेघ बघावी, ओळख व्हावी, मग हिंमत झाली तर कागद उचलावा. नाही झाली तर रेघ आहेच. फोटोला जे आकडे होते तेच त्यांनी रेघांना दिले. आणि सवय जाईना म्हणून वरच्या कोपऱ्यात दिशा दाखवल्या, डावी आणि उजवी, कारण दिशेवाचून नकाशा ऑफिसातून बाहेर पडत नाही. खालच्या कोपऱ्यात चौकट. त्यात दोन ओळी, ‘काढले’ आणि ‘तपासले’. पहिल्या ओळीपुढे त्यांनी आपली बारीक सही केली. दुसरी कोरी ठेवली.

ऑफिसातल्या तपासनीस बाई एकदा डबा विसरल्या म्हणून मध्येच परतल्या. त्यांची लाल पेन्सिल सगळ्या खात्यात प्रसिद्ध होती. त्यांनी टेबलावरचं पाहिलं, बाबांचा घामेजलेला चेहरा पाहिला.

“कुठल्या भागातली लाइन ही?”

“लेकीचं काम आहे.”

“तपासून देऊ?”

“नको बाई. ज्याचं काम त्याने तपासावं.”

“ज्याने काढलं त्याने नाही, एवढं सांभाळा,” बाई म्हणाल्या, आणि डबा घेऊन गेल्या.

गुरुवारपर्यंत पहिल्या सहामाहीतली छत्तीस पानं झाली. हात, पाय, छाती, पाठ. सदतिसावं चेहऱ्याचं होतं. खिडकी सरकत सरकत एका मिटल्या डोळ्यावर आली आणि थांबली. तिथे पापणीचे केस होते. शिरा, स्नायू, हाडं यांना रेघ समजता येतं. पापणीच्या केसांना नाही येत. बाबा त्या दिवशी बराच वेळ जमिनीवर बसले. सुट्टी संपून माणसं परतली तेव्हा ते पेन्सिल शोधत असल्याचं नाटक करून उठले.

संध्याकाळी त्यांनी ॲटलास मुंगीच्या टेबलावर ठेवला.

“हे राहू दे तुझ्याकडे. उघडलंच पाहिजे असं काही नाही.”

मुंगीने कव्हर उघडलं. वरचं ट्रेसिंग दिसलं, ती काळी, स्वच्छ रेघ दिसली, कोपऱ्यातली सही दिसली.

“तुम्ही पाहिलंत हे? तुम्ही?”

“सगळं एकदम नाही. दोन दोन इंच.”

ती हसली नाही. तिने सहीवर बोट ठेवलं. “आणि ही ओळ कोरी का?”

“ज्याने काढलं त्याने तपासायचं नसतं. नियम आहे आमचा.” ते दारापर्यंत गेले आणि वळले. “एक पान राहिलंय. चेहऱ्याचं. नाही जमलं मला.”

शुक्रवारी तिच्या खोलीचं दार बंद होतं. ती जेवायला आली, जेवली, गेली. आईने काही विचारलं नाही, बाबांनाही विचारू दिलं नाही. शनिवारी सकाळी मुंगी फक्त एकदा बाहेर आली, बाबांच्या खणातून काहीतरी घेतलं आणि पुन्हा आत गेली. दुपारी बाबांनी वर्तमानपत्र चार वेळा वाचलं. त्यातलं काय वाचलं हे कोणी विचारलं असतं तर त्यांची पंचाईत झाली असती. कॉलेजचं ऑफिस चालत वीस मिनिटांवर होतं, आणि जागा सोडायची मुदत पाचपर्यंतच. चार वाजले, सव्वाचार झाले. आता कोणत्याही क्षणी ती चपला घालून बाहेर पडेल, आणि आपण ‘सावकाश जा’ एवढंच म्हणायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. त्यापलीकडे एक शब्द बोलायचा नाही. पोरीवर आपली शिट्टी लादली तेवढी पुरे, आता इच्छा लादायची नाही.

साडेचारला दार उघडलं. मुंगी ॲटलास दोन्ही हातांनी पोटाशी धरून आली. तिच्या कानावर लाल पेन्सिल होती.

“बाबा, काय करून ठेवलंय हे?”

बाबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. “काय झालं?”

“सगळं उलटं! तुमच्या नकाशातल्या एकूण एक माणसाचं हृदय उजवीकडे आहे.”

“असं कसं होईल? मी बरोब्बर फोटोवरून...”

“अहो, तो माणूस आपल्याकडे तोंड करून आहे ना? त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. डावं-उजवं नेहमी त्याचं धरायचं, आपलं नाही. पहिल्याच पानावर लिहिलंय.”

“आमच्या नकाशाला तोंड नसतं,” बाबा म्हणाले.

आई इतकी हसली की तिला खुर्ची ओढून बसावं लागलं. “नशीब गावाचं, नळांना डावं-उजवं नसतं ते!”

मुंगीने ॲटलास त्यांच्या मांडीवर ठेवला. बाबा एकेक शीट बघायला लागले. ‘डावी’वर लाल काट, वर ‘उजवी’. ‘उजवी’वर लाल काट, वर ‘डावी’. हाताच्या शीटवर तिने दोन्ही शब्द खोडून ‘अंगठ्याची बाजू’ आणि ‘करंगळीची बाजू’ असं लिहिलं होतं. त्यांना ओशाळल्यासारखं झालं. तीस वर्षांत इतकी लाल पेन्सिल त्यांच्या कामावर कधी चालली नव्हती. मग पाठीची शीटं आली. तिथे काटच नव्हती. दिशांच्या शेजारी एक छोटी बरोबरची खूण तेवढी होती. पुढच्या शीटवर पुन्हा काट, त्याच्या पुढच्यावर पुन्हा खूण.

बाबांचा हात थांबला. पाठमोऱ्या माणसाचं डावं-उजवं आपल्यासारखंच असतं. पण कोण पाठमोरं आहे आणि कोण तोंड करून, हे त्यांच्या रेघांवरून कळण्यासारखं नव्हतं; त्यांना स्वतःलाच ते कळलं नव्हतं. ते कळायचं तर कागद उचलावा लागतो. प्रत्येक कागद.

त्यांनी चौकटी पाहिल्या. छत्तीसच्या छत्तीस शीटांवर ‘तपासले’पुढे तिची सही होती. पहिल्या काही सह्या हललेल्या, नंतरच्या ताठ. लेक बोर्डात आली तेव्हा, प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा त्यांना असं भरून आलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि तो पुरेसा पुसला गेला नाही म्हणून पुन्हा पुसला.

“अजून एक आहे,” मुंगी म्हणाली.

सदतिसाव्या पानावर ट्रेसिंग होतं. रेघ नवशिकी, कुठे जाड कुठे बारीक, पण पूर्ण. पापणीचे केससुद्धा एकेक करून काढलेले. दिशा बरोबर. चौकटीत ‘काढले’पुढे तिची सही. ‘तपासले’पुढे काही नाही.

“हे मी कसं...”

“काढणाऱ्याने तपासायचं नसतं म्हणालात ना?”

“मी बघते हवं तर,” आई मध्ये पडली.

“आई, तुला ड्रॉइंगमधलं काय कळतं?”

बाबा उठले आणि खाली जमिनीवर बसले, पाठ भिंतीला लावून. मुंगी त्यांच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून. पुस्तक दोघांच्या गुडघ्यांवर आलं.

“शिट्टी वाजली तर सांगा.”

“वाजतेय.”

“मग थांबा जरा. श्वास घ्या. मला नवव्या पानापर्यंत वाजत होती.”

ते थांबले. मग त्यांनी कागदाचं टोक धरलं आणि उचललं.

म्हातारा माणूस होता. अर्धा चेहरा उघडा केलेला, अर्धा तसाच. तशाच ठेवलेल्या बाजूच्या भुवईत एक केस लांब वाढलेला होता, वय झालं की वाढतो तसा. झोपेत कोणी हाक मारील म्हणून वाट बघत असावा, असं वाटत होतं. बाबांनी कागद खाली टेकवला, पुन्हा उचलला, पुन्हा टेकवला. त्यांचे पाय गार पडले होते आणि मुंगीने आपला पाय त्यांच्या पायावर ठेवला होता.

बऱ्याच वेळाने बाबांनी हात पुढे केला.

“लाल पेन्सिल दे.”

तिने कानावरची काढून दिली.

“ही कानाची पाळी. एक मिलिमीटर आत आलीय.”

“कुठे? नाही आली.”

“आलीय. हे बघ, खालची कड कुठे आहे, आणि तुझी रेघ कुठे आहे.” त्यांनी कागद उचलून धरला. दोघांची डोकी त्या चेहऱ्यावर वाकली.

“आलीय खरी,” मुंगी म्हणाली.

“मग? मी सही करणार नाही यावर. परत काढ.”

“काढते.”

आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वापाच झाले होते. तिने त्या दोघांना काही सांगितलं नाही. कोरा ट्रेसिंग पेपर आणायला ती आत गेली.